उमाबाई आणि कुंकवाचं आठवं बोट

नर्मदाकाठच्या आमच्या धरमपुरीत उमाबाई कोणाच्या दारापाशी थांबली की गल्लीतल्या बायका मनातल्या मनात महिने मोजू लागतात. ही आमची नर्सबाई. सरकारी कागदावर तिच्या हुद्द्याची तीन इंग्रजी अक्षरं आहेत, पण ती कोणी उच्चारलेली मी आजवर ऐकली नाहीत. घाटावरचे नावाडी तिला नर्स दीदी म्हणतात, आमच्या मराठी घरांतून ती उमाबाई, आणि मी ऐंशीचा असल्यामुळे माझ्यासाठी नुसती उमा. बत्तीस वर्षं ती इथल्या पोटुशा बायकांच्या मागे हिंडते आहे. इथल्या मराठी समाजाच्या मंडळींनी तिच्यावर लिहायला सांगितलं तेव्हा मला फार आनंद झाला, कारण तिच्या गोष्टी मला इतक्या येतात की सांगता सांगता चहा तीनदा गार व्हावा. त्यातली एकच सांगताना जीभ अडखळते. तीच आज सांगणार आहे, पण आधी माणूस ओळखीचं होऊ द्या.

उमा मूळची देवासची. तिचे आजोबा राजवाड्याच्या पागेत घोड्यांची खोगिरं शिवायचे. संस्थान गेलं, घोडे गेले. तिचे वडील दत्ताजी यांच्या वाट्याला घोडा काही आला नाही. त्यांनी त्याच दाभणाने शाळेच्या पोरांची दप्तरं शिवली. नर्सिंग शिकताना उमाने घातलेला टाका बघून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?" उमा म्हणाली, "घोड्यांनी, मॅडम." वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून टाक्यांसाठी उमालाच बोलवायला सुरुवात केली.

सात-आठ वर्षांपूर्वी देवासला एक शिबिर झालं. बाळंतपणात बायका दगावू नयेत म्हणून दहा-बारा देशांच्या डॉक्टरांनी मिळून काढलेली योजना होती ती. यंत्रं तिकडची, पायपीट इकडची. शिकवायला एक उंच, पिकल्या केसांची परदेशी डॉक्टरीण आली होती, आणि तिचं बोलणं हिंदीत सांगायला भोपाळचा एक पोशाखी माणूस. प्रत्येक नर्सला पुठ्ठ्याचं गोल चक्र दिलं. शेवटची पाळी ज्या तारखेला आली तिथे बाण ठेवायचा, की बाळंतपणाची तारीख समोर येते.

उमा उभी राहिली. "मॅडम, हमारे यहाँ तारीख कोई नहीं बताता."

"मग काय सांगतात?"

"सांगतात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बसता आलं नाही. नाहीतर सांगतात, होळीच्या पुरणाला हात लावला नाही. एवढंच. पुढचं मी समजायचं."

भोपाळच्या माणसाचे कान लाल झाले. हे त्या बाईंना कसं सांगायचं, असा त्याला प्रश्न पडला. शेवटी त्याने कसंबसं सांगितलं, तर डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून उमासमोर बसल्या आणि म्हणाल्या, आणखी सांग. त्या संध्याकाळी उमाने चक्राच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवली आणि तारखांसमोर सण लिहिले. सण दरसाल सरकतात, म्हणून दर पाडव्याला ती जुनी पट्टी काढून नवी लावते. परदेशी बाई त्याचा फोटो घेऊन गेल्या. पुढे दोन वर्षांत योजना आटोपली, माणसं आपापल्या देशी परतली, आणि उमाजवळ ते चक्र राहिलं आणि एक तीन दिव्यांचं यंत्र.

यंत्र रक्तदाबाचं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर ठीक, पिवळा लागला तर आज दवाखाना, लाल लागला तर आत्ता. आमच्या गल्लीतले बापूसाहेब एकदा पारावर बसून म्हणाले, "उमाबाई, आम्हालाही लावा की. बघू, कितवा चाललाय." उमाने गंभीरपणे पट्टा बांधला. दिवा लाल. बापूसाहेब तेव्हापासून लोणचं खात नाहीत आणि उमा दिसली की दुसऱ्या गल्लीने जातात.

आता माझ्या घराकडे येतो.

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, पण पंचांग मला चांगलं येतं. आमच्या घरात पोटुशीचे महिने तिथीने मोजतात. महिना पुरा झाला की माझी बायको यमुना देवघराच्या कोनाड्याशेजारी भिंतीवर कुंकवाचं एक बोट उमटवते. तिथी मी सांगायची, बोट तिने उमटवायचं. दर अडीच-तीन वर्षांनी पंचांगात एक महिना दोनदा येतो, त्यातला पहिला अधिक. अधिकात शुभकार्य नाही, म्हणून भिंतीवर बोटही नाही. तो महिना आम्ही सोडून देतो. हे कोणी ठरवलं मला ठाऊक नाही. माझ्या आईने असंच मोजलं, म्हणून मीही.

दुसरा नेम असा की आठव्या महिन्यात पोटुशीने वेस ओलांडायची नाही. हा कोणी घातला ते मात्र मला पक्कं ठाऊक आहे. सहासष्ट साली माझी थोरली वहिनी, तिला आम्ही अक्का म्हणायचो, पहिल्यांदा गरोदर होती. भाद्रपदात तिचं डोकं दुखायला लागलं, पाय सुजले. नदीपलीकडे एक डॉक्टर होते. मी आणि थोरल्या भावाने तिला होडीत घातलं, नव्याने सून होऊन आलेली यमुना तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नर्मदेच्या मध्यावर अक्काचे डोळे फिरले, दातखीळ बसली, सगळं अंग झटके देऊ लागलं. पलीकडच्या तीराला आम्ही पोचलो, ती नाही. आठव्यात वेस ओलांडली, नदी ओलांडली, म्हणून असं झालं, असं माझी आई म्हणाली. दर पितृपक्षात अविधवा नवमीला, सवाष्ण गेलेल्या बायकांच्या तिथीला, यमुना अक्काचं पान वाढते आणि त्या दिवशी कोणाशी बोलत नाही.

दोन हजार तेवीस साली आमची नात अल्पना पहिल्या खेपेला गरोदर होती. तिचं सासर देवासचं, आईवडील पीथमपूरला नोकरीत, म्हणून बाळंतपण आमच्याकडे ठरलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती बसली नव्हती. त्या दिवसाची तिथी पौष वद्य अष्टमी. तिथून दर वद्य अष्टमीला एक बोट. त्या साली श्रावण दोन होते. अधिकातली अष्टमी आम्ही सोडली. गोकुळाष्टमीला यमुनेने सातवं बोट उमटवलं. आठवा लागायच्या आत, दोनच दिवस आधी, आम्ही अल्पनाला देवासहून आणून घेतलं होतं.

तिच्या देवासच्या फाईलवर बावीस ऑक्टोबर लिहिलं होतं. माझ्या मोजणीने दिवाळी येत होती. मी म्हटलं, "डॉक्टर लोक सावधपणाने अलीकडची तारीख देतात."

अल्पना हसली. "आजोबा, सोनोग्राफीपेक्षा तुमचं पंचांग भारी आहे."

"आहेच," मी म्हणालो. मला काय माहीत.

उमा पहिल्यांदा आली ती गणपतीच्या दिवसांत. यमुना उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आठवा आहे, उमा. या महिन्यात बाहेरच्या माणसाची नजर नको." उमा मला म्हणाली, "काका, मी बाहेरची झाले कधीपासून?" मी म्हटलं, "आठवा संपू दे गं. काय घाई आहे." दुसऱ्यांदा आली तेव्हा तिने ओसरीवरूनच अल्पनाच्या पायांकडे पाहिलं. जोडवी मांसात रुतली होती. उमाने थैलीतून पट्टा काढून माझ्यासमोर धरला. तरी मी दार अडवून उभाच राहिलो.

तीन ऑक्टोबरचा मंगळवार. पितृपक्ष चालू होता. अंगणात कावळे सकाळपासून उगाच ओरडत होते, अजून कोणाचं पान ठेवलेलं नसताना. अल्पना न्याहारीला बसली आणि ताट तसंच ठेवून म्हणाली, "आजी, डोकं फाटतंय. और आँखों के सामने चमक रहा है कुछ. तुझा चेहरा अर्धाच दिसतोय."

यमुनेच्या हातातली वाटी खाली पडली. ती उचलायला वाकली नाही.

मी म्हटलं, "पित्त असेल. लिंबू दे."

यमुना माझ्याकडे पाहत म्हणाली, "उमाला बोलवा."

उमा दहा मिनिटांत आली. या वेळी कोणी तिला उंबऱ्यावर थांबवलं नाही. तिने अल्पनाला डाव्या कुशीवर निजवलं, दंडाला पट्टा बांधला. यंत्र गुरगुरलं, थांबलं, आणि लाल दिवा लागला. उमाने पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधला. पुन्हा लाल.

"काका, धारला न्यायचं. आत्ता."

मी म्हटलं, "उमा, आज पंचमी. शुक्रवारी अष्टमी आहे, आठवा पुरा होतो. तीन दिवस. इथे काय लागेल ते कर, शुक्रवारी मीच गाडी आणतो."

"तीन दिवस नाहीत तिच्याजवळ."

"आठव्यात वेस ओलांडून आम्ही एक बाई घालवली आहे."

उमा उभी राहिली. माझ्यापेक्षा सव्वीस वर्षांनी लहान बाई, पण त्या क्षणी मला शाळेतल्या मास्तरांची छडी आठवली. "शनिवारी नवमीला अक्कांचं पान वाढाल ना? मग तिथे दुसऱ्या पानाचीही तयारी ठेवा."

असं बोलणं आमच्या घरात कोणी कधी बोललं नव्हतं. अल्पना डोळे मिटून पडली होती, तिने ऐकलं की नाही कोण जाणे. यमुना भिंतीला टेकली.

उमाने थैलीतून चक्र काढलं. संक्रांतीवर बाण ठेवला, आणि कडेची सणांची पट्टी माझ्या नाकासमोर धरली. त्या साली तिने मध्ये लाल कागदाचा एक तुकडा घातला होता. "हा तुमचा अधिक श्रावण. माझ्या चक्रात आहे. तुमच्या भिंतीवर कुठे आहे?"

"अधिक मोजत नाहीत."

"काका, अधिकात तुम्ही जेवलात?"

"हे काय विचारणं झालं?"

"जेवलात ना? ती पण जेवली. पोटातलं पण जेवलं. तो महिना काय ते वाढायचं थांबून बसलं होतं? हिचा आठवा गोकुळाष्टमीलाच संपला. नववा संपायला आलाय."

मी भिंतीकडे पाहिलं. सात बोटं. मी मनात पुन्हा मोजलं, माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, आणि मधली एक अष्टमी मला जागच्या जागी सापडली, जिन्याची एक पायरी चुकून पाय रिकामा पडावा तशी. तरी मी बोललोच, कारण माणूस हरताना जास्त बोलतो. "पण नेम आईचा आहे. अक्काच्या वेळी—"

"त्या वर्षीही श्रावण दोन होते," यमुना म्हणाली.

आम्ही दोघं तिच्याकडे वळलो. सत्तावन्न वर्षांत ती त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

"माझी पहिली मंगळागौर. सासूबाई म्हणाल्या, अधिकात नाही करायची, निजात करू. महिनाभर पुढे ढकलली. अक्का माझ्यासाठी पत्री तोडायला उठत होती, तेव्हाच तिचे पाय सुजलेले होते." ती भिंतीपासून दूर झाली. "म्हणजे तीही आठव्यात नव्हती. दिवस भरत आले होते तिचे. आपण वेस ओलांडली म्हणून नाही गेली ती. उशिरा ओलांडली म्हणून गेली."

ती देवघरात गेली. पितृपक्षात भिंतीवर कुंकू लावत नाहीत. तिने करंड्यात बोट बुडवलं आणि सातव्याशेजारी आठवं उमटवलं. ते बोट इतरांपेक्षा लांबट उमटलं, खाली ओघळलं. मग ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "अहो, दीपेशला गाडी काढायला सांगा."

सरकारी रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेलेली होती, यायला तास लागला असता. शेजारच्या दीपेशने आपली व्हॅन लावली. उमाने आधी अल्पनाला गल्लीच्या टोकाच्या उपकेंद्रात नेलं, फोनवर डॉक्टरांशी बोलली, आणि दोन सुया टोचल्या, कमरेखाली दोन्ही बाजूंना एकेक. औषध साधं क्षाराचं, पण झटके थोपवणारं. त्या परदेशी डॉक्टरीणबाईंनी देवासला आठ दिवस हेच एक घोकून घेतलं होतं, रेफर करण्याआधी पहिला डोस द्या, नुसतं गाडीत घालू नका. सुई दुखणारी. अल्पना ओरडली तेव्हा उमा म्हणाली, "ओरड, बेटा. ओरडते आहेस तोवर मला बरं वाटतंय."

धामणोद मागे पडलं. घाट सुरू झाला. अल्पना मागच्या सीटवर डाव्या कुशीवर, डोकं यमुनेच्या मांडीवर. मी पुढे. दीपेशला मी सारखा सांगत होतो, सांभाळून, आणि उमा मागून सांगत होती, "भिया, जोर से." तो बिचारा मध्येच कुठेतरी चालवत होता. बाहेर सोयाबीनची शेतं पिवळी पडलेली, लोक कापणीला लागलेले, कोणी हात वर करून आम्हाला राम राम करत होतं. मला वाटत होतं ते सगळे फार दूर आहेत, आणि गाडी जागची हलत नाही.

तिसऱ्या वळणावर अल्पना बोलायची थांबली. मी मागे वळून पाहिलं. तिचे डोळे वर गेले होते. जबडा आवळला, हात ताठ झाला आणि मग झटके सुरू झाले. हे मी पूर्वी पाहिलं होतं. यमुनेनेही पाहिलं होतं, याच अंतरावरून, याच मांडीवर. तिच्या तोंडून फक्त "नर्मदे हर" एवढंच निघत होतं, आवाज न होता.

उमा घड्याळाकडे बघत मोठ्याने सेकंद मोजत होती. "तोंडात काही घालू नका. कुशीवर धरा. काकू, मान सरळ. वीस. तीस." तिचा आवाज बाजारात भाव सांगावा इतका सरळ होता. चाळिसाला झटके थांबले. अल्पना घोरल्यासारखा श्वास घेऊ लागली. उमाने तिच्या नाकाशी हात धरला आणि तो हात हॉस्पिटलच्या दारापर्यंत काढला नाही.

तिथे सगळे तयार होते, कारण उमाने फोन करून ठेवला होता. पाऊण तासात ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोन किलोच्या वर थोडी, पुऱ्या दिवसांची. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, मूल ठीक आहे, आईचं उद्यापर्यंत सांगता येणार नाही. पहिला डोस दिला नसता तर एका झटक्यावर भागलं नसतं. मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस हिला तपासलं का नाही कोणी?"

उमा माझ्या शेजारीच उभी होती. मी म्हटलं, "मी तपासू दिलं नाही."

अल्पना दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर आली. पहिले आठ दिवस तिला माझा चेहरा धुरकट दिसत होता. आता नीट दिसतो आणि ती म्हणते, धुरकट बरा होता. पण हे सगळं पुढचं. तेव्हा आम्ही बाकावर बसलो होतो, यमुना आत तिच्या पायाशी, आणि उमा हिशोबी नजरेने माझ्याकडे पाहत होती.

"काका, आणखी कोणाकोणाचे महिने मोजून दिलेत यंदा?"

पंचांग येतं म्हणून लोक मला विचारतात आणि मी मोठ्या हौसेने सांगतो. चहा मिळतो, मान मिळतो. मी बोटांवर आठवू लागलो. धरमपुरीत एक घर होतं, पण ते बाळंतपण माझ्या तारखेच्या महिनाभर आधीच झालं होतं. सगळे म्हणाले होते, पोर लवकर आलं, आणि मीही मान हलवली होती. दुसरं घर अमझेऱ्याला. चिंतामणीची सून, स्वप्नाली.

"कितवा सांगितलात?"

"सातवा."

"म्हणजे आठवा," उमा म्हणाली. "आणि आठवा लागला की ते तिला बाहेर काढणार नाहीत. बरोबर?"

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं बसने अमझेऱ्याला गेलो. चिंतामणी माझा जुना दोस्त, दारातच आडवा आला. "या मोरोपंत, या. पणती झाली म्हणे, पणजोबा झालात. पेढे कुठे आहेत?"

"पेढे मागून. चिंतामणी, सुनेच्या महिन्यांची माझी मोजणी चुकली."

तो हसला. "तुमची? पंत, सकाळी सकाळी थट्टा नको. नवरात्रात ओटी भरायची ठरली आहे, माणसं सांगून झालीत."

"एक महिना मी सोडून दिला. माझ्याच नातीचा सोडला, आणि ती काल दुपारपर्यंत शुद्धीवर नव्हती."

त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, मागे काही नसताना. स्वप्नाली आतल्या दाराशी येऊन उभी होती, एका हाताने चौकट धरून. उमाने चपला काढल्या, माझ्या शेजारून आत गेली आणि म्हणाली, "बस, बेटा. डोकं दुखतं का?"

"थोडं. परसों से."

"हात पुढे कर."

पट्टा बांधला, यंत्र गुरगुरलं. मी, चिंतामणी आणि आतून आलेली त्याची बायको, आम्ही तिघं त्या तीन काचांकडे बघत उभे राहिलो. पिवळा दिवा लागला. उमाने तो विझेपर्यंत पाहिला आणि यंत्र पुन्हा थैलीत भरलं.

"आजच्या आज दवाखाना," ती म्हणाली. "साडी बदलायची गरज नाही."

स्वप्नालीच्या सासूने माझ्याकडे पाहिलं. ती बाई तीस वर्षं मला मोजणी विचारत आली होती. "भाऊजी, आठव्यात चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. "मी सोबत येतो."

चिंतामणी गाडीची किल्ली शोधायला आत गेला.